दुरुस्तीची पट्टी

पेपरच्या ऑफिसात छापलेल्या बातम्यांपेक्षा न छापलेले किस्सेच जास्त साठतात. पानं चिकटवणाऱ्या पेस्टरच्या टेबलाखाली दिवसभर कात्रणं पडत असतात. झाडायला जावं, तर गोंदामुळे ती फरशीला अशी धरून बसलेली असतात की नखानं खरवडावी लागतात. नगरच्या त्या वर्षाचे किस्से माझ्या डोक्यात तसेच बसलेत. चार मित्र जमले की कोणीतरी म्हणतंच, "ते डेअरीचं सांग ना!" मग ते एकटं कुठलं निघायला? शेजारचं चिकटलेलंही सगळं निघतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. अमेरिकेत दोन वर्षं पत्रकारिता शिकून मी परत आले होते. बरोबरीचे मुंबई-दिल्लीला गेले. मी मात्र ठरवलं होतं, काम करायचं ते आपल्या जिल्ह्यात. नगरच्या एका दैनिकानं नुकतीच इंटरनेट आवृत्ती काढली होती आणि तिला माणूस हवा होता. मला वाटलं होतं, रांगेनं कॉम्प्युटर असतील, भिंतीवर देशोदेशीची घड्याळं असतील, बातमीतलं खरं-खोटं यावर वाद झडत असतील. इंटरनेट आवृत्तीच्या वाट्याला सापडला एक कॉम्प्युटर. त्याच्यावर क्रोशाचं झाकण, मॉनिटरला हळदकुंकू, खोलीबाहेर चपला काढायच्या. फोनची लाईन एकच, तीही जाहिरात विभागाबरोबर भागीत. तिकडे कोणी रिसीव्हर उचलला की इकडे इंटरनेट तुटायचं!

संपादकांना सगळे 'भाऊ' म्हणत. साठीचे, सफारीतले, आवाज कमी आणि दरारा जास्त. त्यांनी विचारलं, "काय करायचंय तुला इथं?"

मी ताठ बसले. "भाऊ, मला सत्य लोकांपर्यंत पोचवायचंय."

भाऊंनी चष्मा पुसला. "बरं, ते बघू. आधी स्कॅनर चालू होतो का बघ!"

*

स्कॅनर कशाला, तर त्या काळी आपली मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर गेली की त्यांचे किडे-मुंग्या व्हायचे. त्यामुळे बातमीचं कात्रण कापायचं, स्कॅन करायचं आणि त्याचं चित्र नेटवर चढवायचं, अशी आमची पद्धत. म्हणजे इंटरनेट आवृत्ती कात्री आणि गोंदावरच चालायची.

कात्री-गोंदाचे मालक रंगनाथकाका. ते पेस्टर. कॉम्प्युटरमधून छापून निघालेले कॉलम ब्लेडनं कापून मोठ्या कागदावर चिकटवायचे आणि त्याचं पान करायचं, हे त्यांचं काम. ऑफिसबाहेरच्या फळ्यावर खडूनं ठळक बातम्या लिहायच्या, हेही त्यांचंच. धोतर, पांढरी टोपी, कानामागे पेन्सिल.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना इंटरनेट समजावून सांगितलं. जवळजवळ भाषणच केलं. कागदाशिवायचं वर्तमानपत्र, शाईशिवायची बातमी, सगळं. काकांनी मन लावून ऐकलं.

"म्हंजी कात्री, गोंद काय लागत न्हाई?"

"काहीच नाही काका!"

त्यांनी माझ्या टेबलावर नजर फिरवली. "मग ही कात्री, ह्यो गोंद कुनाचा?"

*

एकदा पहिल्या पानावर पुण्यस्मरणाची चौकट होती. भावानं भावाला वाहिलेली. दोघांचे फोटो एकाच पाकिटात आले होते आणि चौकटीत बसला तो हयात भावाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो हयात भाऊ, अनंतराव, स्वतःच ऑफिसात हजर. निवृत्त तलाठी, हातात छत्री, छत्रीच्या टोकात राग.

भाऊंनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. "चूक झाली. उद्या खुलासा छापतो."

"कुठं?"

आमच्या पेपरात खुलाशाची जागा ठरलेली होती. पाचवं पान, डावीकडे तळाला, बाजारभावाच्या खाली. भाऊंनी सांगितलं.

अनंतराव उभे राहिले. "म्हणजे मी मेलो पहिल्या पानावर, आणि जिवंत होणार कांद्याच्या खाली?"

हसू आवरायला मी बाहेर पळाले. पण आतून त्यांचा पुढचा प्रश्न ऐकू आला. "आणि तुमच्या त्या इंटरनेटवर? तिथं पण माझा हार घातलेला फोटो आहे म्हणे. पुतण्यानं बघितला."

"तिथं कोण बघतंय, अनंतराव!" भाऊ म्हणाले. "चहा घ्या."

अनंतराव कागदावर जिवंत झाले. नेटवर मेलेलेच राहिले. माझ्या ते लक्षात होतं, पण मी नवी होते. गप्प बसले.

*

मग माझी पाळी आली.

पारनेरच्या बाजूच्या एका गावात दुधाच्या डेअरीत पाणी घातलेलं दूध पकडलं गेलं. गावाचं नाव लिहीत नाही. पाणी घालत होता खुद्द डेअरीचा सचिव आणि त्याला पकडलं डेअरीतल्या टेस्टर सुलभा साळवे यांनी. रोज सकाळ-संध्याकाळ लोकांचं दूध तपासणारी, फॅट लिहिणारी बाई. तिनं आपल्याच सचिवाचे कॅन तपासले, वर तक्रार केली आणि सचिव निलंबित झाला. आमच्या बातमीदारानं झकास बातमी दिली. मथळा, 'दुधात पाणी. डेअरीतच रंगेहाथ पकडले'. शेजारी लॅक्टोमीटर हातात धरलेल्या सुलभाताईंचा फोटो, खाली त्यांचं नाव.

कागदावर सगळं बरोबर होतं. नेटवर घोटाळा मी केला.

लाईन इतकी मंद, की मोठं चित्र उघडायचंच नाही. म्हणून मी एक युक्ती काढली होती. बातमीचं कात्रण मधोमध कापायचं. वरचा अर्धा एका पानावर, खालचा अर्धा 'पुढे वाचा' म्हणून दुसऱ्या पानावर. अमेरिकेतल्या माझ्या प्राध्यापकांनाही मी ही युक्ती कौतुकानं लिहून कळवली होती! या बातमीत वरच्या अर्ध्यात आला मथळा, सुलभाताईंचा फोटो, त्यांचं नाव आणि 'डेअरीतील एकाला कामावरून दूर करण्यात आले' हे वाक्य. कोणाला, कोणाच्या तक्रारीवरून, ते सगळं खालच्या अर्ध्यात. आणि खालचा अर्धा उघडायला एवढा वेळ लागायचा की कोणी उघडतच नव्हतं.

सचिवाचा पुतण्या संतोष पुण्यात कॉम्प्युटर क्लासला होता. त्यानं वरचं पान छापून घेतलं आणि गावात आणून डेअरीच्या भिंतीवर चिकटवलं. इंटरनेटवरून आलेला कागद! गावानं आजवर असा कागद पाहिला नव्हता. आमचा पेपर गावात यायचा तो एक, तोही सचिवाच्याच घरी.

तिसऱ्या दिवशी सुलभाताई ऑफिसात आल्या. डेअरीतलं सकाळचं दूध तपासून, त्यानंतरच्या पहिल्या एसटीनं. तिशीतली बाई, इस्त्रीची निळी साडी, खांद्याला पिशवी. "जयभीम," म्हणाल्या आणि भिंतीवरून काढलेला कागद माझ्यापुढे ठेवला.

"माजं नाव बरूबर हाय, ताई. फोटो बी झकास आलाय. फकस्त बातमी दुसऱ्याची हाय."

मी कागद दोनदा वाचला.

त्यांनी शांतपणे सांगितलं. पंधरा दिवसांनी डेअरीची सभा होती. नवा सचिव नेमायचा होता. दहा वर्षं टेस्टर होत्या, हिशेबी, स्वच्छ हाताच्या, त्यांचंच नाव पुढे होतं. आता लोक कागदाकडे बोट दाखवत होते. "आमच्या घरातल्या बाईनं तपासलेलं दूध चालतं त्यांना," त्या म्हणाल्या, "पन तिनं पकडलेलं पानी चालत न्हाई. तेवढ्यापुरताच कागद पायजे हुता त्यांना. तो तुमी दिला."

"मी आजच खुलासा टाकते."

"कुटं?"

अनंतरावांचाच प्रश्न!

*

त्या दिवशी मी खुलाशाची पट्टी लिहिली, छापली आणि बातमीच्या शेवटी, खालच्या अर्ध्याच्याही तळाला चिकटवून स्कॅन केली. पुस्तकात तसंच शिकले होते. आधी बातमी, मग टीप.

दुसऱ्याच दिवशी दुबईहून एका नगरकराची ई-मेल आली. इंजिनियर होते, रोज आमची आवृत्ती वाचायचे. लिहिलं होतं, 'बातमी सकाळी उघडली. खालचं पान येईपर्यंत आंघोळ झाली, नाश्ता झाला. तुमचा खुलासा दिसेपर्यंत त्या बाईविषयीचं माझं मत पक्कं झालं होतं. आता ते बदलायला मला वेळ नाही, ऑफिसला जायचं आहे!'

ई-मेलचा कागद मी काकांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "ह्यो मानूस खरं बोलतोय. ह्याला नोकरी द्या!"

*

मग मला कल्पना सुचली, खुलाशांचं वेगळं पान करायचं. मुखपृष्ठावर बटण, 'दुरुस्त्या'. आमच्या जुन्या अंकांतले पाच-सहा खुलासेही त्यात टाकले, पान भरलेलं दिसावं म्हणून.

पानावर किती लोक येतात ते मोजणारा आकडा असायचा. तो आकडा असा पळायला लागला की मला वाटलं मोजणी बिघडली. क्रिकेट मागे पडलं, राशिभविष्य मागे पडलं! जगभरचे नगरकर रोज सकाळी आमच्या चुका वाचून ताजेतवाने होत होते. एकानं तर मागणी केली, 'रोज किमान दोन तरी देत जा.'

भाऊंनी मला बोलावलं. "मृणाल, त्या पानावर एक ओळ टाक. या पेपरात चुकांपेक्षा बातम्या जास्त असतात!"

गर्दी झाली खरी. पण सुलभाताईंची बातमी उघडणारा थेट बातमीच उघडत होता. त्याला दुरुस्त्यांच्या पानाशी काय देणंघेणं? भिंतीवर नवा कागद लागला होता. तोच वरचा अर्धा.

*

शेवटी भाऊ म्हणाले, "अगं, एवढा घोळ कशाला? बातमीच काढून टाक. झालीच नव्हती म्हणून समज."

मला हे पटलं, असं लिहायला आजही लाज वाटते. सभेला आठ दिवस राहिले होते. मी बातमी काढून टाकली. दोन्ही अर्धे. एक बटण दाबलं आणि गेली. मोकळं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सुलभाताईंचा फोन आला, गावातल्या एसटीडी बूथवरून. मागे ट्रॅक्टर चालू होता, त्यामुळे त्या ओरडून बोलत होत्या.

"ताई, बातमी पुसली का वो तुमी?"

"हो, आता कोणालाच दिसणार नाही."

"संतोष सगळ्यास्नी सांगत सुटलाय! म्हनतो, बगा, खरी हुती म्हनून वशिला लावून पुसून घेतली. त्याच्याकडं कागद हाय. माज्याकडं काय हाय?"

मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"पुसू नका, ताई. खोटं लिवलं हुतं, ते दिसू द्या. खोटं हुतं, हे बी तितंच दिसू द्या. जितं वाचलं, तितंच!"

फोन कट झाला. जाहिरातवाल्यांनी रिसीव्हर उचलला होता.

*

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. काका फळा लिहीत होते. हात न थांबवता म्हणाले, "काय झालं?" मी सगळं सांगितलं. मग त्यांनी मला फळ्याची गोष्ट सांगितली. गोष्ट जुनी, पण ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होती. मलाच कोणी सांगितली नव्हती.

नगरपालिकेची निवडणूक. काकांनी दुपारी फळ्यावर लिहिलं, अमक्या वॉर्डात अमका निवडून आला. गुलाल उधळला, हलगी वाजली, फळ्यापुढे नाच झाला. दोन तासांनी फेरमोजणी झाली आणि दुसराच निवडून आला. आता दुसऱ्याची माणसं फळ्यापुढे आली. "पुसा ते! आमच्या माणसाचं नाव लिहा!" पहिल्याची माणसं आली. "पुसायचं नाही!"

काकांनी काय केलं? पहिल्या नावावर खडूनं एक सरळ रेघ मारली, नाव खाली वाचता येईल अशी. फळ्याच्या एकदम वर, बातमीच्याही वर लिहिलं, 'फेरमोजणीत निकाल बदलला', वेळ लिहिली आणि शेवटी आपलं 'रं.' लिहिलं.

"पुसलं असतं तर?" मी विचारलं.

"तर दोगं बी म्हनले असते, आमचंच नाव हुतं! रेघ मारली म्हनून कुनाला खोटं बोलता आलं न्हाई." खडू झटकत ते म्हणाले, "आन ताई, मानूस फळ्यापुढं उभा ऱ्हातो ना, तो वरनं वाचतो. खाली यायच्या आदीच त्याची एसटी येती. खुलासा वर पायजे!"

"मग त्या दिवशी भांडण झालं नाही?"

"झालं की! दोगांनी मिळून मला धरलं. म्हनले, ही तुमची रेघ वाकडी का?"

*

भाऊंच्या केबिनमध्ये मी आणि काका दोघं गेलो. मी मागणी मांडली. बातमी परत चढवायची, खुलाशाची पट्टी मथळ्याच्या वर लावायची, चुकीच्या ओळीवर रेघ मारायची.

"मथळ्याच्या वर?" भाऊ खुर्चीतून अर्धे उठले. "मृणाल, मथळा म्हणजे पेपरचं कपाळ! तिथं तू चुकीची पट्टी लावणार?"

मी तोंड उघडण्याआधी काका बोलले. "भाऊ, कुंकू कपाळालाच लावत्यात. पायाला लावल्यालं कुनी बगितलंय?"

भाऊ बसले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते! चाळीस वर्षांच्या पत्रकारितेत त्यांना असं कोणी बोललं नसावं.

"लावा," ते म्हणाले. "पण पट्टीखाली सही पाहिजे. चूक कोणाची?"

"माझी."

"मग नावही तुझंच."

काकांनी पट्टी स्वतः कापली. ब्लेड धरलेला त्यांचा हात इतका सावकाश चालत होता, जणू काही दागिनाच घडवत होता. पट्टीवर मजकूर होता, 'खुलासा. मंगळवार, सकाळी ७.४०. या बातमीतील फोटो पाणी घालणाऱ्याचा नाही. पाणी घालणाऱ्याला पकडून देणाऱ्या टेस्टर सुलभा साळवे यांचा आहे. कामावरून दूर झाले ते डेअरीचे सचिव. बातमी अर्धी कापण्याची चूक माझी. मृणाल, इंटरनेट आवृत्ती.'

'डेअरीतील एकाला' या शब्दांवर काकांनी फूटपट्टी ठेवून रेघ मारली. खालचं अक्षर न् अक्षर दिसत होतं. मग म्हणाले, "ही वाकडी न्हाई."

या पेपरात मी सहा महिने काम केलं होतं आणि माझं नाव एकदाही छापून आलं नव्हतं. ती माझी पहिली बायलाईन!

*

आता शेवटचा. हाच किस्सा सगळे मागतात.

रविवारी डेअरीची सभा. माळीवाडा स्टँडवरून पारनेरकडची गाडी पकडून मी आणि काका गेलो. माझ्या पर्समध्ये नव्या पानाची प्रत होती. वेळ पडली तर उठून काय बोलायचं, ते मी वाटेत दहा वेळा पाठ केलं होतं. काका खिडकीपाशी डुलक्या घेत होते.

डेअरीच्या अंगणात दोनेकशे माणसं. पंच लोखंडी कॅन पालथे घालून त्यावर बसलेले. पुढच्या ओळीत माजी सचिव, कडक टोपीत. सुलभाताई मागे, बायांच्यात, मांडीवर हात घेऊन बसलेल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, पण ओळख दिली नाही.

चेअरमन म्हणाले, "सचिवपदासाठी सुलभा साळवे यांचं नाव आलंय. कुनाची हरकत?"

संतोष उठला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. "माझी आहे! ज्या बाईचं नाव इंटरनेटवर आलंय, सगळं जग वाचतंय, तिच्या हातात डेअरी द्यायची का?"

कुजबुज सुरू झाली. मी उठायला लागले, तर काकांनी माझा हात दाबून मला खाली बसवलं.

"भिंतीवरचा कागद पावसात भिजून गेला," चेअरमन म्हणाले. "बातमी अजून हाय का, का पुसली?"

"आहे! वशिला लावून पुसली होती, आता परत आली. सत्य लपतं का?" संतोषनं बंद पाकीट वर धरलं. "आजचा ताजा कागद आहे. आज सकाळी मित्रानं पुण्यात छापला आणि पहिल्या गाडीनं पाठवला. अजून फोडलंही नाही. सगळ्यांसमोर फोडतो!"

"मग वाच. पन माइकवर वाच. बाया घरात हायत, त्यांनी बी ऐकावं."

डेअरीच्या कर्ण्याचं तोंड गावाकडे होतं. रोज सकाळी त्यातून 'दूध आणा' अशी हाळी जायची. संतोषनं माइक हातात घेतला, फुंकर मारली, पाकीट फाडलं, कागद झटकून उलगडला आणि मोठ्यांदा, शाळेतल्या धड्यासारखं, वरून वाचायला सुरुवात केली.

"खुलासा! मंगळवार, सकाळी सात चाळीस! या बातमीतील फोटो पाणी घालणाऱ्याचा नाही. पाणी घालणाऱ्याला..."

तो थांबला. कर्ण्यातून फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता.

"थांबलास का?" चेअरमन.

"ते... दुसरंच काहीतरी छापलंय."

"ताजा कागद हाय ना? वाच!"

"वाच की रं!" बायांमधून एक म्हातारी ओरडली. "मगाधरनं लई आवाज हुता तुजा!"

आणि त्यानं वाचलं. आवाज खाली खाली जात होता, पण कर्णा त्याला साथ देत नव्हता. कर्णा सगळं तेवढ्याच जोरात गावभर सांगत होता. "...पकडून देणाऱ्या टेस्टर सुलभा साळवे यांचा आहे. कामावरून दूर झाले ते..." त्यानं पुढच्या ओळीतल्या आपल्या चुलत्याकडे पाहिलं. "...डेअरीचे सचिव."

"पुना एकदा," कोपऱ्यातला एक म्हातारा कानाला हात लावून म्हणाला. "मला नीट ऐकू आलं न्हाई."

अंगण असं हसलं की कॅनवर बसलेले पंच घसरता घसरता राहिले!

हात वर करायला सांगितले, तेव्हा मोजायची गरजच पडली नाही. माजी सचिव टोपी सारखी करत निघून गेले. सुलभाताई उठल्या, पुढे आल्या आणि संतोषच्या हातातला माइक घेतला.

"संतोष, आवाज खणखणीत हाय तुजा. रोज सकाळी फॅट वाचून दावायला येत जा!"

सभा संपल्यावर चेअरमन आमच्यासाठी चहा घेऊन आले. म्हणाले, "बरं झालं, सुलभानंच त्याला गुरुवारी भर रांगेत सुनावलं हुतं. जुना कागद काय वाचतो, हिंमत आसंल तर सभेला ताजा काढून आन!"

मी चमकून पाहिलं. पट्टी चढवून मी त्यांना काहीच कळवलं नव्हतं. बूथवर फोन केला तेव्हा त्या भेटल्या नव्हत्या. काकांकडे पाहिलं, तर ते बशीत चहा ओतण्यात गुंतलेले.

सुलभाताई परीक्षानळ्या धूत होत्या. मी जवळ जाऊन विचारलं, "ताजा कागद आणायला का सांगितलं त्याला?"

त्यांनी नळी उजेडात धरून पाहिली, उलटी करून ठेवली.

"जुना भिजला हुता ना, ताई."

*

सोमवारी सकाळी मी साडेसातलाच ऑफिस उघडलं. चपला बाहेर काढल्या, कॉम्प्युटरवरचं झाकण काढलं. फोन जाहिरात विभागातून उचलून माझ्या टेबलावर आणला आणि त्यांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली, 'दहापर्यंत मिळणार नाही.' मग पहिल्या दिवसापासून चढवलेली सगळी पानं उघडायला बसले. जिथं जिथं आम्ही चुकलो होतो, तिथं तिथं पट्टी. मथळ्याच्या वर, वेळेसह, नावासह. एकही सोडायचं नाही.

काका आले, टोपी खुंटीला लावली.

"कुटनं सुरुवात?"

"गोंद आणा, काका," मी म्हणाले. "आधी अनंतरावांना जिवंत करायचंय. कांद्याच्या वर!"